लॉन्ड्रीच्या ड्रायरचा एक्झॉस्ट: आधी भिंतीतलं भोक ठरवा, मग मशीन घ्या

मशीन टेम्पोतून उतरतं, चार माणसं ते गाळ्यात सरकवतात, नारळ फुटतो, आणि मग मालकाचा फोन येतो: "साहेब, पाइप कुठून काढायचा?" हा प्रश्न सहा आठवडे आधी यायला हवा होता. ठाणे आणि नवी मुंबईत लॉन्ड्री टाकणारे बहुतेक जण गाळा, मशीन, बोर्ड आणि उद्घाटन या क्रमाने जातात आणि एक्झॉस्ट शेवटी उरलेल्या फटीतून काढतात. पुढे कपडे वाळायला वेळ लागतो, बिल फुगतं, छताला ओल येते, आणि एखाद्या दिवशी डक्टमध्ये (हवा बाहेर नेणाऱ्या नळीत) साचलेलं लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, पेट घेतं.

खाली सगळं कामाच्या क्रमाने दिलंय. क्रम बदलू नका. बहुतेक चुका चुकीच्या वेळी केलेल्या बरोबर कामाच्याच असतात.

टप्पा १: डिपॉझिट देण्याआधी बाहेरची भिंत शोधा

व्यावसायिक ड्रायर म्हणजे मुळात एक दमदार पंखा, त्याच्यापुढे ड्रम आणि हीटर. एका वेळी १३-१४ किलो सुके कपडे घेणाऱ्या मशीनला मिनिटाला ४०० घनफूट हवा लागते असं धरू (नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल). अशी दोन मशीनं म्हणजे ८०० घनफूट. दोनशे चौरस फुटांचा, दहा फूट उंचीचा गाळा म्हणजे २,००० घनफूट हवा. म्हणजे अडीच मिनिटांत अख्ख्या गाळ्यातली हवा बाहेर फेकली जाते आणि तेवढीच आत यावी लागते. हा हिशेब डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं.

गाळा बघायला जाताना मेजरिंग टेप न्या आणि एकच गोष्ट शोधा: उघड्या आकाशाखालची, स्वतःची अशी एक भिंत आहे का? पुढे फक्त शटर आणि मागे दुसऱ्याचा गाळा असेल, तर तो गाळा ड्रायरसाठी नाही. भाडं कितीही कमी असो. घोडबंदर रोडच्या टॉवरखालच्या दुकानांच्या रांगेत मधल्या गाळ्यांची हीच अडचण असते. कडेचा गाळा दोन-चार हजार महाग पडला तरी तो घ्या, असं माझं मत आहे.

इथे आपल्याकडची एक खास गफलत. मालक सांगतो, "मागे डक्ट आहे की!" बिल्डरच्या भाषेत डक्ट म्हणजे संडास-बाथरूमच्या मागची, सांडपाण्याचे पाइप जाणारी उभी पोकळी. तिच्यात वरच्या सगळ्या फ्लॅटच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. ड्रायरचा एक्झॉस्ट तिच्यात सोडायचा नाही. हायड्रोमधून (कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमधून) निघालेल्या कपड्यांत सुक्या वजनाच्या निम्मं पाणी सहज उरतं. म्हणजे १४ किलोच्या लोडमागे सात लिटर, आणि दिवसाला दहा लोड झाले तर सत्तर लिटर पाणी वाफेच्या रूपात त्या पोकळीत. वर लिंट. गॅसचं मशीन असेल तर जळलेला वायूही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू महिन्याभरात सोसायटीत तक्रार करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

त्याच कारणाने हवा पोटमाळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर, जिन्याखाली किंवा तळघरात सोडायची नाही. "थोडीच हवा आहे" असं कुणी म्हटलं तर त्याला वरचे सत्तर लिटर सांगा.

*तपासा:* बाहेरच्या भिंतीपलीकडे काय आहे? दुसऱ्याच्या एसीचं आउटडोअर युनिट, मीटर रूम, गॅसची लाइन, खिडकी किंवा लोकांच्या डोक्याच्या उंचीवरचा फुटपाथ असेल तर जागा बदलावी लागेल.

टप्पा २: मॅन्युअलमधून पाच आकडे काढा

मशीन विकणाऱ्याकडून ब्रोशर घेऊ नका, इन्स्टॉलेशन मॅन्युअल मागा. ऑर्डर देण्याआधी. त्यातून एका कागदावर हे उतरवून घ्या: हवेचं प्रमाण सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट), एक्झॉस्टच्या तोंडाचा व्यास, डक्टची कमाल लांबी आणि बेंडची संख्या, चालणारा कमाल स्टॅटिक प्रेशर (डक्टच्या अडथळ्यामुळे आत तयार होणारा दाब), आणि मशीनच्या मागे सोडायची जागा.

शेवटचा आकडा सगळे विसरतात. मागे माणूस शिरून पाइप काढू शकेल एवढी जागा नसेल तर तो पाइप आयुष्यात कधी साफ होत नाही. मॅन्युअलमधला आकडा किमान समजा, मी दीड-दोन फूट तरी ठेवतो.

विक्रेता "मॅन्युअल नंतर देतो" म्हणाला, तर पैसेही नंतर द्या.

टप्पा ३: मार्ग कागदावर आखा आणि बेंड मोजा

मार्ग भिंतीतल्या भोकापासून मशीनकडे, उलटा आखायचा. मशीनपासून सुरुवात केली की प्रत्येक अडथळ्याला एक बेंड टाकला जातो. भोकापासून आलात तर मशीनच हलवावंसं वाटतं, आणि तेच बरोबर आहे. कागदावर मशीन हलवायला पैसे लागत नाहीत.

काही नावाजलेल्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १४ फूट सरळ डक्ट आणि दोन काटकोनी बेंड एवढीच मर्यादा दिलेली असते. १४ फूट हा आकडा लक्षात राहतो, दोन बेंड विसरले जातात. आठ इंची डक्टमधला एक काटकोनी बेंड हवेला साधारण नऊ फूट सरळ पाइपाएवढा नडतो. म्हणजे पूर्ण मर्यादा १४ अधिक १८, सुमारे ३२ फूट. आता तुमचा मार्ग फक्त १२ फूट आहे, पण बीम चुकवण्यासाठी चार बेंड घेतलेत, तर हिशेब १२ अधिक ३६, म्हणजे ४८ फूट झाला. डक्ट दिसायला आखूड आणि कामाला दीडपट लांब. "पाइप तर बारा फूटसुद्धा नाही, तरी कपडे का वाळत नाहीत?" याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

बेंड टाळता येत नसेल तर एका काटकोनाऐवजी मोठ्या त्रिज्येचा बेंड घ्या, किंवा ४५ अंशांचे दोन, मध्ये थोडं अंतर ठेवून.

व्यास मशीनच्या तोंडापेक्षा कमी कुठेही करायचा नाही. मग वाढवायचा का? इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. लिंट हवेत तरंगत बाहेर जायचं असेल तर वेग मिनिटाला निदान १,२०० फूट हवा. सहा इंची डक्टमध्ये ४०० सीएफएमला साधारण २,००० फुटांचा वेग मिळतो. तेच ४०० सीएफएम दहा इंची डक्टमध्ये सोडले तर वेग सातशे-साडेसातशेवर येतो आणि लिंट तळाशी बसायला लागतं.

दोन मशीनं, एक डक्ट?

शक्यतो नको. प्रत्येक मशीनला स्वतःचा डक्ट द्या. कारण साधं आहे: दोन्ही चालू असताना आठ इंची सामाईक डक्टमध्ये वेग २,२०० च्या पुढे असतो, पण दुपारी एकच मशीन चालू असलं की तो १,२०० च्या खाली येतो. शिवाय बंद मशीनच्या ड्रममध्ये चालू मशीनची गरम, ओली हवा उलटी शिरते.

भिंतीत एकच भोक मिळत असेल आणि इलाज नसेल, तर सामाईक डक्ट पुढे टप्प्याटप्प्याने रुंद होत गेला पाहिजे, प्रत्येक मशीनची फांदी हवेच्या दिशेने ४५ अंशांत मिळाली पाहिजे, आणि प्रत्येक फांदीवर उलटी हवा रोखणारी झडप हवी. दोन फांद्या समोरासमोर कधीच जोडायच्या नाहीत. हा हिशेब पत्र्याचं काम करणाऱ्यावर सोडू नका. एसी डक्टिंगचं डिझाइन करणाऱ्याकडून करून घ्या. त्याची फी एका जळलेल्या लोडपेक्षा कमी असते.

लांब डक्टसाठी मध्ये बूस्टर पंखा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. माझा त्याला विरोध आहे, जोवर दुसरा मार्ग शिल्लक आहे तोवर. टाकलाच तर तो ड्रायरसाठीचा असावा, मोटर हवेच्या वाटेबाहेर असावी, आणि पंखा बंद पडला की ड्रायरचं हीटिंगही बंद होईल असा एअरफ्लो स्विच जोडलेला असावा. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालणार नाही.

*थांबा आणि तपासा:* कागदावरचा मार्ग मॅन्युअलच्या मर्यादेत बसत नसेल तर पुढे जाऊ नका. मशीनची जागा बदला, नाहीतर गाळा.

टप्पा ४: आत येणाऱ्या हवेची वाट करा

हा टप्पा दहांपैकी नऊ ठिकाणी सरळ वगळलेला असतो. बाहेर काढायला सगळे धावतात, पण मिनिटाला ८०० घनफूट हवा येणार कुठून? दिवसा शटर उघडं असतं म्हणून चालून जातं. पण हॉटेलचं काम घेतलेला माणूस रात्री शटर खाली ओढून, एसीच्या गारव्यासाठी काचेचा दरवाजा लावून मशीनं चालवतो. तेव्हा गाळ्यात हवेचा दाब कमी होतो, ड्रायर उपाशी राहतो आणि ४० मिनिटांचा लोड तासावर जातो.

गॅस असेल तर प्रकरण वेळेपुरतं राहत नाही. बर्नरला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि गाळ्यात ओढ असल्यामुळे तो बाहेर जाण्याऐवजी आतच येतो. त्याच गाळ्यात एलपीजीवरची इस्त्री किंवा गॅस गीझर चालू असेल तर त्यांचाही धूर आत राहतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो आज उकाडा फार आहे.

किती मोठी जाळी ठेवायची? गॅस ड्रायरसाठी बर्नरच्या तासाला १,००० बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) एक चौरस इंच खुली जागा हा आकडा मॅन्युअलमध्ये भेटतो. तो किमान समजा. मी हवेवरून हिशेब करतो: आत येणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फुटांच्या आत राहावा. ८०० सीएफएमला म्हणजे दोन ते पावणेतीन चौरस फूट मोकळी जागा. दोन्ही आकड्यांत जो मोठा तो घ्या.

"मोकळी" हा शब्द महत्त्वाचा. लोखंडी लूव्हरमध्ये (तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्यात) पट्ट्यांनी जागा खाल्ल्यावर सुमारे ७५ टक्केच उघडी राहते, लाकडी लूव्हरमध्ये जेमतेम २५. अडीच चौरस फूट हवी असेल तर लोखंडी लूव्हर सुमारे ३.३ चौरस फुटांचा बसवा. डासांची जाळी लावलीत तर आणखी मोठा, आणि ती जाळी दर आठवड्याला ब्रशने झाडायची. खाडीकडच्या वाशी-ऐरोलीत डासांमुळे जाळी टाळता येत नाही, हे मान्य.

लूव्हर एक्झॉस्टच्या तोंडापासून लांब, शक्यतो दुसऱ्या भिंतीत. नाहीतर टाकलेली हवाच परत आत घ्याल.

*सावधान:* ड्राय-क्लीनिंगचं मशीन, पर्कचे (परक्लोरोएथिलीन या ड्राय-क्लीनिंगच्या द्रावणाचे) डबे किंवा एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) त्याच खोलीत असेल तर तिथे ड्रायर लावू नका. पर्कची वाफ ज्योतीतून गेली की आम्ल तयार होतं. ते मशीन आणि डक्ट खातं, माणसाच्या छातीलाही सोडत नाही. एमटीओ तर सरळ पेटतं. खोली वेगळी, हवा वेगळी.

टप्पा ५: परवानगी आणि भोक

सोसायटीचं किंवा गाळामालकाचं लेखी पत्र घ्या. त्यात भोकाचा व्यास, जमिनीपासून उंची आणि बाहेर किती इंच येणार ते लिहा. तोंडी "काय हरकत नाही" नवी कमिटी येईपर्यंतच टिकतं. तुमचा भाग ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, पनवेल महापालिका, सिडको की एमआयडीसी यांपैकी कोणाकडे येतो ते आधी बघा. टीटीसीच्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात एमआयडीसीचं अग्निशमन दल वेगळं आहे. इमारतीच्या आगसुरक्षेची तपासणी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीकडून होते, आणि तिचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. त्या एजन्सीच्या माणसाला डक्टचा नकाशा आधीच दाखवलात तर जुलैमध्ये वाद होत नाही.

भोक कोअर कटिंगनेच (गोल भोक कापणाऱ्या ड्रिल मशीनने) करा. छिन्नी-हातोड्याने आठ इंचांचं भोक दीड फुटांचं होतं, आणि मग ते सिमेंटच्या गोण्या कोंबून बुजवलं जातं. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. कोअर कटिंगवाला "सळई चुकवून काढतो" म्हणाला तरी नाही. भोक डक्टपेक्षा दोन इंच मोठं घ्या, त्यात पत्र्याची बाही बसवा आणि आतली फट न जळणाऱ्या रॉकवूलने भरा. थर्माकोल किंवा साधा फोम नको. बाहेरच्या बाजूला भोकाला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर वाहील.

रबाळे-महापे बाजूच्या शेडमध्ये छतातून डक्ट काढायचा मोह होतो. छताचा पत्रा जुना सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता धरा आणि तो कोरडा कापू नका. तो अख्खा पत्रा काढून त्या जागी धातूचा पत्रा आणि फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी न शिरू देणारी पत्र्याची पट्टी) बसवणं बरं.

हे सगळं मेअखेरच्या आत उरकायचं. जूनमध्ये फोडलेली भिंत ऑक्टोबरपर्यंत पाझरत राहते.

टप्पा ६: डक्ट जोडणी

सामान आधी सांगतो, कारण घोटाळा सामानातच होतो. डक्ट गुळगुळीत, कडक, धातूचा हवा. २४ गेजचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा मला योग्य वाटतो, खाडीच्या खारट हवेत बाहेरचा तुकडा स्टेनलेसचा घेतला तर उत्तम. हे वापरायचं नाही:

- सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप. गरम हवेने मऊ होतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. "चार इंची पाइप पडलाय गोदामात" या वाक्यापासून लांब राहा.
- स्वयंपाकघरातल्या चिमणीचा चकचकीत लवचिक पाइप. त्याच्या प्रत्येक वळीत लिंट अडकतं.
- कापडी टेप. उष्णतेने गोंद सुकतो आणि वर्षभरात तो लोंबायला लागतो.

जोडणी मशीनकडून बाहेरच्या दिशेने. प्रत्येक तुकड्याचं अरुंद टोक हवेच्या दिशेला, पुढच्या तुकड्याच्या आत जाईल असं. उलटं बसवलं तर सांध्यावर आत कड तयार होते आणि पहिलं लिंट तिथेच धरतं. पत्र्याची उभी शिवण वरच्या बाजूला ठेवा, तळाला पाणी साचलं तर सांध्यातून ठिबकणार नाही.

सांधे आखूड पॉप रिव्हेटने आणि ॲल्युमिनियम फॉइल टेपने. स्क्रू नको. आत डोकावणारं स्क्रूचं टोक म्हणजे लिंटसाठी खुंटी. काम चालू असताना प्रत्येक तुकड्याच्या आतून हात फिरवा (जाड हातमोजा घालून, पत्रा बोट कापतो). काही टोचलं तर तो सांधा पुन्हा.

डक्टचं वजन मशीनवर टाकू नका. दर पाच-सहा फुटांवर छताला हँगर. प्लायवूड, पीओपीचं फ्रेमवर्क, पीव्हीसी पॅनेल यांपासून निदान सहा इंच अंतर. डक्ट फॉल्स सीलिंगच्या वरून नेऊ नका, त्याला उघडा ठेवा. दिसायला बरा दिसत नाही, पण गळती आणि लिंट दिसतं. इंटिरियरवाल्याशी इथे भांडण होईल. करा.

प्रत्येक बेंडजवळ आणि सरळ डक्टमध्ये दर सहा फुटांवर हाताने उघडणारं साफसफाईचं झाकण हवं. झाकण म्हणजे फटीभोवती टेप चिकटवलेला पत्रा नव्हे, विंग-नटचं (हाताने फिरवायच्या पंखाच्या नटचं) घट्ट बसणारं दार. टेप लावलेलं झाकण एकदा उघडलं की दुसऱ्यांदा कोणी उघडत नाही.

टप्पा ७: बाहेरचं तोंड

इथली चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर.

ठाण्यात कबुतरं. डक्टचं गरम तोंड म्हणजे त्यांना आयतं घर. एका गाळ्यात मालकाच्या आग्रहावरून मी तोंडाला बारीक जाळी मारली. तीन आठवड्यांत त्या जाळीवर लिंटचा असा थर बसला की हाताला नमद्यासारखा लागला. मशीन तापून हाय-लिमिट (फार तापलं की हीटर बंद करणारा स्विच) सतत ट्रिप होऊ लागलं. माझी वाट न बघता कुणीतरी त्याला जंपर मारला, म्हणजे तो सुरक्षेचा स्विच वायरने बायपास केला. मी पोचलो तेव्हा टॉवेल तपकिरी झाले होते आणि गाळ्यात जळका वास होता. आग लागली नाही, हा नशिबाचा भाग. जाळी माझी होती.

म्हणून तोंडाला जाळी नाही. त्याऐवजी हवेच्या दाबाने उघडणारी आणि मशीन थांबल्यावर स्वतःच्या वजनाने मिटणारी हलकी झडप बसवा. मिटलेल्या झडपेत कबुतर शिरत नाही. झडप चुंबकाची किंवा स्प्रिंगची नको, चिकटते.

तोंड खालच्या बाजूला वळलेलं असावं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर सरळ बाहेर आलेला पाइप म्हणजे पन्हाळंच. पण पाऊस टाळायला तोंडासमोर पत्रा अगदी जवळ आणू नका: तोंड आणि समोरची भिंत, जमीन किंवा छत्री यांत डक्टच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर हवं. आठ इंची डक्टला सोळा इंच.

खिडकी-दारांपासून तीन फूट हे किमान. आपल्या दाटीत मी दहा फुटांचा आग्रह धरतो. एसीच्या आउटडोअर युनिटकडे तोंड करू नका, त्याच्या कॉइलवर लिंटची चादर चढते आणि बिल तुमच्या नावाने येतं.

*तपासा:* बाहेरच्या तोंडापर्यंत शिडी लागते का? लागत असेल तर ती शिडी गाळ्यातच ठेवा. उसनी आणायची शिडी कधीच येत नाही.

टप्पा ८: गॅस आणि वीज, थोडक्यात

ही कामं परवानाधारक माणसाचीच. फक्त दोन गोष्टी तुम्ही बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून डिटेक्टर खाली. पाइपचा पीएनजी हलका, वर जातो, म्हणून डिटेक्टर छताजवळ. एलपीजीवरून पीएनजीवर गेलात तर डिटेक्टर वर न्यायला विसरू नका, आणि बर्नरचे जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदला.

दुसरी गोष्ट: गॅसचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच दाराजवळ हवा, ड्रायरच्या मागे नको. आग ड्रायरलाच लागणार आहे.

टप्पा ९: चाचणी

रिकाम्या मशीनवर नाही, पूर्ण ओल्या लोडवर, सगळी मशीनं एकदम चालू करून, शटर आणि दारं नेहमीच्या रात्रीसारखी लावून.

१. काचेचा दरवाजा बोटभर उघडा आणि फटीशी टिश्यूची पट्टी धरा. ती जोरात आत ओढली जात असेल, किंवा दरवाजा उघडायला ताकद लागत असेल, तर टप्पा ४ अपुरा आहे.

२. मशीनपासून साधारण दोन फुटांवर डक्टला पेन्सिलएवढं छिद्र घ्या आणि स्टॅटिक प्रेशर मोजा. मॅग्नेहेलिक गेज (हवेचा बारीक दाब दाखवणारा मीटर) नसेल तर पारदर्शक नळी यू आकारात भिंतीला लावून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक छिद्राला, दुसरं उघडं. मॅन्युअलची मर्यादा ०.३ इंच असेल तर दोन्ही बाजूंच्या पाण्यात सात-साडेसात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसायला नको. जास्त दिसला तर डक्ट गुदमरतोय. नंतर छिद्र फॉइल टेपने बंद.

३. बाहेरच्या तोंडाशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरा. मिनिटाला १,२०० फुटांच्या खाली असेल तर कारण शोधा.

४. प्रत्येक सांध्यावरून ओला हात फिरवा. वारा लागला तर टेप पुन्हा.

५. गॅस असेल तर ज्योत बघा: निळी आणि स्थिर हवी. आणि अर्ध्या तासाने गाळ्यात कार्बन मोनॉक्साइड मोजा.

ही चाचणी पास झाल्यावर एका ठरावीक लोडची वेळ मोजा. उदाहरणार्थ, दहा किलो टॉवेल, ३८ मिनिटं. तारखेसह हा आकडा मशीनच्या बाजूला मार्करने लिहा. पुढे डक्टची तब्येत हाच आकडा सांगणार आहे.

*सावधान:* हाय-लिमिट किंवा एअरफ्लो स्विच ट्रिप होत असेल तर तो खराब नाही, तो ओरडतोय. जंपर मारणाऱ्या टेक्निशियनला पुन्हा बोलवू नका.

टप्पा १०: पहिले तीन महिने

मशीनमधली लिंटची जाळी प्रत्येक लोडनंतर साफ करा. दिवसातून एकदा नव्हे. फाटलेल्या जाळीवर मशीन चालवायचं नाही, सगळं डक्टमध्ये जातं.

डक्टची झाकणं पहिल्या महिन्यात दर आठवड्याला उघडा. नवे टॉवेल आणि हॉटेलच्या चादरी पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त लिंट सोडतात, त्यामुळे तुमच्या कामाचं प्रमाण याच महिन्यात कळतं. थर दिसला की वेळापत्रक बांधा. साधारण गाळ्याला तीन महिन्यांतून एकदा पूर्ण डक्ट, पावसाळ्यात दर महिन्याला, कारण दमट हवेत लिंट भिंतीला चिकटतं. साफ करताना वीज आणि गॅस बंद, ब्रश आणि व्हॅक्यूम. कॉम्प्रेसरने फुंकू नका, लिंट बर्नरमध्ये शिरतं.

मसाज पार्लरचे तेलकट टॉवेल आणि हॉटेलच्या किचनमधली फडकी हा वेगळा धोका. तेल पूर्ण निघालं नसेल तर वाळवून गरम गरम ढीग करून ठेवलेले कपडे तासा-दोन तासांनी स्वतःहून पेटू शकतात. कूल-डाउन सायकल (शेवटी हीटरशिवाय कपडे गार करण्याचा टप्पा) अर्धवट थांबवायची नाही, आणि रात्री शेवटचा लोड ड्रममध्ये सोडून शटर ओढायचं नाही.

आग दिसली तर ड्रमचं दार उघडू नका, उघडलंत की तिला हवा मिळते. मुख्य स्विच बंद, गॅस कॉक बंद, माणसं बाहेर, १०१ ला फोन. एबीसी पावडरचं सहा किलोचं सिलिंडर दाराजवळ टांगा, ड्रायरच्या शेजारी नाही.

मशीनच्या बाजूला लिहिलेले ३८ मिनिटं आठवतात? दर पंधरा दिवसांनी तोच लोड, तीच वेळ मोजा. ४५ झाली की त्याच संध्याकाळी शिडी लावा आणि बाहेरच्या झडपेपासून मागे येत झाकणं उघडायला लागा.